मोठी माणसं चार

गोदावरी गेल्याचं मला तलावाच्या मोरीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी कळलं. फेब्रुवारी होता. उन्हाळी धानाला पाणी सुरू होतं. अड्याळला आमच्या बाजूच्या शेतांना तलावाचं पाणी वाटून द्यायचं काम सतरा वर्षांपासून माझ्याकडे आहे. कोणाची पाळी किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्या दिवशी साडेदहा झाले असतील. माझा मुलगा धनंजय बांधावरून मोटरसायकल घेऊन आला. गाडी त्यानं स्टँडवर लावली नाही, दोन्ही पाय टेकून तशीच धरून राहिला. इंजिन सुरू होतं. म्हणाला, "बाबा, भोजराजमामाचा फोन होता. आई नाही राहिली." मी त्याच्याकडे पाहिलं, मग मोरीकडे पाहिलं. पाणी चंद्रकुमारच्या धानाच्या बांधीत चाललं होतं, मातकट, फेस घेऊन. मी म्हणालो, "बारा वाजेपर्यंत चंद्रकुमारची पाळी हाय." हे वाक्य मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. पण बोललो. तोंडातून पहिलं तेच निघालं. मग चंद्रकुमार स्वतःच आला, त्यानं माझ्या हातातली मोरीची दांडी काढून घेतली आणि म्हणाला, "काका, तुम्ही जा. मी पायतो." दांडी सोडताना माझी बोटं उघडत नव्हती. त्यानं एकेक उघडली.

गोदावरी नागपूरला होती, भावाकडे. भोजराज तिचा धाकटा भाऊ. त्याच्या पोरीचं लग्न होतं म्हणून आठ दिवस आधी गेली होती. लग्नघरी बहीण आठ दिवस आधी जाते. पाहुणी म्हणून नाही, कामाला. मी पाण्यामुळे मागे राहिलो, लग्नाच्या दिवशी जाणार होतो. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता उठून तिनं तीस माणसांचा चहा केला. मग कोणाला तरी म्हणाली, छातीत जळजळते. थोडा ओवा खाल्ला, आणि सामानाच्या खोलीत चटईवर आडवी झाली. घरात माणसं दाटली होती, त्यांना कशाला त्रास. नऊ वाजता कोणी तरी तांदूळ काढायला त्या खोलीत गेलं, तेव्हा कळलं. ते तांदूळ आमच्याच शेतातले. दरवर्षी नवा तांदूळ निघाला की एक गोणी भोजराजकडे जाते. आमच्या गोणीला टेकून ती पडली होती. दुपारी भोजराज तिला गाडीतून अड्याळला घेऊन आला. त्याच्या सदऱ्यावर हळद होती. माझे पाय धरून म्हणाला, "भाऊजी, माह्या घरी झालं." मी त्याला उठवलं. चार वाजता आम्ही तिला नेलं, आणि तिथूनच तो परत गेला, कारण संध्याकाळी लग्न होतं, वरात बालाघाटहून निघालेली होती. याबद्दल माझा त्याच्यावर राग नाही. लोकांना वाटतं, आहे. नाही. राग आहे, पण तो दुसरीकडे आहे, आणि तो दहा महिने मी कुठं ठेवावा हे मला कळत नव्हतं. या मंगळवारी कळलं.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही घरात बसलो होतो. धान चुरून घरात आलं आहे, हाताला काम नाही. नातीच्या, हर्षाच्या शाळेला या आठवड्यात तीन दिवस जोडून सुट्टी आहे. तिला नागपूर पाहायचं आहे. नागपूर म्हणजे आम्हाला सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत यायचं शहर, दवाखाना नाही तर कोर्ट. पण हर्षाला मेट्रोत बसायचं आहे, वाघ पाहायचा आहे, आणि एका मोठ्या दुकानात चालता जिना आहे त्याच्यावर उभं राहायचं आहे. दोन रात्री मुक्काम. धनंजय फोनवर हॉटेल पाहत होता, सहज, पाहायला काय जातं म्हणून. सून रीता पोळ्या लाटत होती. हर्षा त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. मीही चष्मा लावून जवळ सरकलो. वर नागपूर लिहिलेलं होतं, खाली तारीख, आणि त्याच्या खाली लिहिलेलं होतं, मोठी माणसं चार, मुलं एक. मी ते वाचलं. धनंजयनंही वाचलं. तो म्हणाला, "जुनं राहिलं वाटते." चाराच्या एका बाजूला अधिकचं चिन्ह होतं, दुसऱ्या बाजूला वजाचं. त्यानं अंगठ्यानं वजावर दाबलं. चाराचे तीन झाले. आवाज नाही, काही नाही. लगेच खाली हॉटेलांची यादी बदलली. आधी दोन खोल्या दाखवत होते, आता एक खोली आणि जास्तीची गादी. हर्षा म्हणाली, "आबाजी गादीवर झोपतीन का मी?" रीता म्हणाली, "तू झोप. आबाजीचे गुडघे दुखतेत." पोळीचा वास येत होता. सगळं बरोबर चाललं होतं.

मी तिला चितेवर ठेवली, राख वैनगंगेत सोडली, तेरवी केली, तिची लुगडी तिच्या चुलत बहिणीला दिली. प्रत्येक वेळी चार माणसं बाजूला होती, काय करायचं ते कोणी तरी सांगत होतं, आणि हाताला वजन लागत होतं. मडक्याचं, लाकडाचं, कापडाचं. इथं अंगठ्याला काहीच लागलं नाही. धनंजयची चूक नव्हती. माणसं तीन असताना चार ठेवून कोण खोली घेईल. पण माझ्या कानाच्या मागे गरम झालं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हे मी होऊ देणार नाही. काय होऊ देणार नाही ते तेव्हा माहीत नव्हतं. मी उठून बाहेर गेलो, बैलाला पेंढी टाकली, टाकलेली असून पुन्हा टाकली.

ते चार कोणी लिहिले होते ते मला माहीत होतं. मागच्या जानेवारीत असंच बसलो होतो. तेव्हाही हर्षाचंच नागपूर होतं. गोदावरी माझ्या जागी बसली होती, धनंजयच्या उजव्या हाताला. त्यानं तिला खोल्यांचे फोटो दाखवले. एका फोटोत पलंगावर पांढरी चादर होती, इतकी ताठ की तिच्यावर रुपया उडाला असता. गोदावरी म्हणाली, "याच्यावर झोपाचं कसं? घडी मोडन ना." धनंजय म्हणाला, "मोडाचीच रायते, आई. सकाळी त्याईचा माणूस येऊन पुन्हा करते." ती म्हणाली, "अन् चहा?" "फोन केला का वर आणून देतेत." "भांडे?" "तेच नेतेत." मग म्हणाली, "म्हणजे बाईनं करावं काय तिथं?" रीता हसली, म्हणाली, "बसाचं, आत्याबाई. खिडकीतून पाहाचं." गोदावरीनं फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाली, "अजी, एकडाव अशा जागी जाऊ, जिथं मले उठून चहा करा लागणार नाही." मी हो म्हणालो. मी खरंच हो म्हणालो. आणि चार दिवसांनी भोजराज पत्रिका घेऊन आला, तेव्हा मीच म्हणालो, "आता लग्नाले जाचंच हाय तं वेगळं कायले? तिथंच मुक्काम होते, पोरगी मेट्रो पायते." गोदावरी म्हणाली, "हो, तेही खरंच हाय." ती भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं.

चाळीस वर्षांत तिच्यासोबत मी अकरा वेळा नागपूरला मुक्काम केला. मोजायला मला बैलाच्या गोठ्यात पाऊण तास लागला, पण मोजले. धनंजयच्या टायफॉइडला, तेव्हा सहा दिवस. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला. जमिनीच्या तारखेला तीन वेळा. दोन बारशी, एक मयत, बाकी लग्नं. सगळे मुक्काम भोजराजच्या घरी. नागपुरात आपलं माणूस असताना दुसरीकडे उतरणं हे आमच्यात कोणी ऐकून घेत नाही. तसा उतरला, तर त्याचा अर्थ एकच, संबंध तुटले. म्हणून दवाखान्यातून रात्रीचे परत येताना दोन बस बदलून आम्ही त्याच्याच घरी गेलो, पण दवाखान्यासमोरच्या लॉजात गेलो नाही. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायचो. सकाळी चहा माझ्या हातात यायचा, तो गोदावरीच्या हातचा. अड्याळला जो चहा प्यायचो तोच चहा मी नागपूरला पीत होतो, आणि मला वाटायचं, किती आपलं घर आहे. ती कुठं झोपायची ते मी पाहिलं नव्हतं. आत बायकांमध्ये, एवढंच माहीत होतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही, पट्टी बांधून मी दिवाणावर पडलो होतो, आणि आतून लसूण ठेचायचा आवाज येत होता. तो तिचा होता. प्रत्येकाच्या ठेचण्याची एक चाल असते. डोळ्यावर पट्टी असली तरी मला ती ओळखू आली, आणि तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं. चांगलं वाटलं होतं, हे आज लिहिताना मी लपवत नाही.

भोजराजच्या बायकोला दोष द्यायचा तर तोही देता येत नाही. ती अड्याळला आली की आमच्या चुलीपाशी तशीच बसते. आमच्या घरी रीता तशीच बसते. हे कोणी कोणावर लादलेलं दिसत नाही. म्हणूनच ते चालतं.

बुधवारी सकाळी भोजराजचा फोन आला. धनंजय त्याच्याशी बोलताना नागपूरचं बोलून गेला होता. भोजराज मला म्हणाला, "भाऊजी, हॉटेल पाहून राहिले म्हणे. मी मेलो का?" मी म्हणालो, "तसं काही नाही." तो म्हणाला, "लोकं काय म्हणतीन? ताई गेली अन् घर तुटलं?" मग त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "मी एक काम केलं, भाऊजी. तुमाले सांगितलं नव्हतं. ते सामानाची खोली हाय ना, ते मी रिकामी केली. चुना मारला. नवा पलंग टाकला, पंखा लावला. ताईचा फोटो हाय तिथं. आता कोणी ते खोली वापरत नाही. तुम्ही आले का तुमीच तिथं झोपाचं. मी मंजे ठरवलंच हाय." फोनमध्ये मागे कुकरची शिटी झाली. मी विचारलं, "खिडकी हाय का त्या खोलीले?" तो म्हणाला, "खिडकी कुठून राहीन, सामानाची खोली होय ते. पण पंखा मोठा हाय." मी म्हणालो, "पाहू." त्यानं ते हो म्हणून घेतलं. आमच्यात पाहू म्हणजे हो. मलाही ते माहीत होतं.

ती खोली मी दिवसभर मनात पाहत होतो. चुना, पलंग, फोटो. भोजराज रडत रडत भिंतीला चुना मारत असेल, हे मला दिसत होतं. तो तसाच आहे, लहानपणी गोदावरीनं त्याला कडेवर घेऊन वाढवला आहे. ज्या जागी ती चटईवर पडली त्या जागी त्यानं पलंग टाकला. दहा महिने उशिरा, आणि माझ्यासाठी. तिथं मी झोपायचं, सकाळी रीतानं मला चहा आणून द्यायचा, आणि सगळ्यांनी म्हणायचं की पाहा, माणुसकी टिकली. मी त्या पलंगावर झोपलो तर सगळं नीट बसतं. भोजराजचं मन हलकं होतं, धनंजयला मामा राहतो, गावाला बोलायला काही राहत नाही. फक्त एकाच माणसाचं म्हणणं राहून जातं, आणि ते माणूस आता काही म्हणत नाही. अशा माणसाचं म्हणणं मोडायला सगळ्यात सोपं.

दुपारी तलावावर गेलो. पाणी सोडायला अजून महिना आहे, पण मोरीला तेल द्यायचं होतं. चंद्रकुमार तिथं म्हशी घेऊन होता. म्हणाला, "काका, लॉजात उतरता म्हणे. अधिवेशनाले चालले का, आमदारसाहेब?" मी म्हणालो, "हो. तुह्या म्हशीचा प्रश्न मांडतो." तो हसला. मग म्हणाला, "पण सख्खा साळा असून लॉजात म्हणजे, बरं नाही दिसत काका. काकूही म्हटली असती." मी त्याला विचारलं, "काय म्हटली असती?" तो म्हणाला, "हेच, का भावाकडेच चाला." मी दांडीला तेल देत राहिलो. सगळ्यांना ठाऊक आहे ती काय म्हणाली असती. ती काय म्हणाली होती, ते फक्त आम्ही चौघांनी ऐकलं आहे, आणि त्यातली हर्षा लहान आहे.

तिथंच मला श्यामराव आठवला. श्यामराव तीन वर्षांपूर्वी भर हंगामात गेला, धान पोटरीत असताना. मुलं पुण्याला. दहाव्याच्या आधीच शेजारचे माझ्याकडे आले, म्हणाले, त्याची पाण्याची पाळी आता आम्हाला वाटून द्या, तिथं पाहणारा कोण आहे. मीही तसंच करणार होतो. घरी जेवताना बोललो, तर गोदावरीनं वाढता वाढता हात थांबवला. म्हणाली, "माणूस मेला. धान तं नाही मेला ना जी." एवढंच. मग वरण वाढलं. मी श्यामरावची पाळी कापली नाही. सोमवार, गुरुवार, सकाळी सहा ते नऊ, धान कापेपर्यंत त्याच्या बांधीत पाणी सोडलं. लोक माझ्याशी बोलेनासे झाले होते, एकानं मोरीवर माझी कॉलर धरली. मी म्हणालो, हंगाम संपेपर्यंत ज्याची पाळी त्याची पाळी. त्यानंतर आमच्याकडे तो नियमच झाला. आता कोणी मेलं तरी हंगाम संपेपर्यंत पाणी जातं, आणि लोक मला म्हणतात, जागेश्वरनं चांगला नियम केला. नियम माझा नाही. मी फक्त कॉलर धरू दिली.

दांडीचं तेल हाताला लागलं होतं. मी ते पुसलं नाही, तसाच घरी आलो.

संध्याकाळी धनंजय पवनीहून कामावरून आला, जेवला. मी म्हणालो, "काढ तो फोन." त्यानं काढला. म्हणाला, "बाबा, मामाकडेच जाऊ ना. त्यानं खोली केली म्हणते तुमच्यासाठी. त्याले लय वाईट वाटन." मी म्हणालो, "वाटन." तो म्हणाला, "मंग?" मी म्हणालो, "मंग काही नाही. वाटू दे. मलेही वाटते." रीता भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी तिला विचारलं, "रीता, तुले कुठं रायाचं हाय?" असं मी तिला कधी विचारलेलं नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली. ती म्हणाली, "मले कुठंही चालते, मामाजी." मी म्हणालो, "चालते ते मले माहीत हाय. तुह्या सासूलेही चालत होतं." ती खाली पाहून एक पातेलं दोनदा विसळत राहिली. मग म्हणाली, "भोजराजमामाच्या घरचा गॅस मले पाहूनच पेटते. मागच्या वेळी मी पोचली, चप्पल काढली, अन् माह्या हातात पीठ दिलं." धनंजय म्हणाला, "मंग सांगाचं ना." ती म्हणाली, "कोणाले?" चिडून नाही म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं कोणाला. धनंजयनं मान खाली घातली. तो चांगला मुलगा आहे. मीही चांगला मुलगा होतो.

त्यानं हॉटेल उघडलं. म्हणाला, "अधिवेशनामुळं भरले हायेत. ह्या एका जागी हाय. एक खोली, अन् गादी लावून देतेत." मी म्हणालो, "तिनाचे चार कर." तो समजला नाही. मी बोटानं दाखवलं, "इथं. तू वजा दाबलं होतं ते. अधिक दाब." तो म्हणाला, "बाबा." मी म्हणालो, "दोन खोल्या घे. एक तुमची, एक आमची." हर्षा म्हणाली, "आबाजी, तुम्ही एकटे दोन माणसं हाव का?" रीता तिला चूप म्हणाली. मी म्हणालो, "चूप कायले? बरोबर इचारते." धनंजय म्हणाला, "हे खोटं होते, बाबा. तिथं काउंटरवर सगळ्याईचे आधार कार्ड मागतेत." मी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची थैली काढली. तिच्यात दोन कार्डं आहेत, एक माझं, एक तिचं. डोळ्याच्या ऑपरेशनपासून दोन्ही सोबत असतात. तिच्या कार्डावर तिचा फोटो असा आहे की जणू कोणी तिला रागावलं आहे. धनंजयनं कार्ड पाहिलं आणि तोंड फिरवलं. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "तुमाले वाटते मले आठवण नाही येत?" मी म्हणालो, "नाही. मले असं नाही वाटत." "मंग हे काय करून राहिले?"

मी त्याला सांगितलं. मी काही बोलणारा माणूस नाही, जसं आलं तसं सांगितलं. म्हणालो, तुही आई येणार हाय असं मी म्हणत नाही. ते मेली, मी तिले जाळलं, मले समजते. कार्ड दाखवून मी कोणाले फसवणार नाही. काउंटरवर पुसलं का चौथं माणूस कुठं, तं मी सांगीन का ते मेली, पण जागा तिची हाय. तिनं मांगितली होती. मी हो म्हटलं होतं, मंग मीच मोडलं. तुह्या मामानं नाही मोडलं, मामीनं नाही. मी. आता मी त्या खोलीत जाऊन चुना पाहत झोपलो तं दुसऱ्यांदा मोडतो. श्यामरावच्या धानाले मी पाणी देलं, तो माहा कोण होता? पलंगावर एका बाजूनं मी झोपीन. दुसरी बाजू तशीच राहीन, चादर न मोडता. सकाळी चहा वर येईन, दोन कप. एक मी पिईन. दुसरा थंडा होईन. होऊ दे. तिच्या जन्मात तिच्यासाठी एक चहा थंडा झाला नाही, आधी सगळ्याईले देऊन मंग ते पेत होती, उभ्यानं. एक होऊ दे.

रीतानं नळ बंद केला तेव्हा कळलं की तो इतका वेळ सुरू होता. धनंजयनं फोन तोंडासमोर धरला. त्याला दिसत नव्हतं, त्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि अधिकवर दाबलं. तिनाचे चार झाले. यादी बदलली. खाली दोन खोल्या आल्या, आणि त्यातला एक फोटो तोच होता की दुसरा, मी सांगू शकत नाही. सगळ्या चादरी तशाच दिसतात. त्यानं विचारलं, "खिडकीवाली घेऊ?" मी म्हणालो, "हो." खिडकीतून काय दिसतं ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

हे गावात कळेल. चंद्रकुमारला एव्हाना कळलंही असेल. म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, मेलेल्या बायकोसाठी पलंग घेतला. म्हणू द्या. म्हणतील, सोयऱ्याचं नाक कापलं. ते खरं आहे. भोजराजनं त्या भिंतीला लावलेला चुना माझ्या या एका गोष्टीनं वाया जाईल, आणि गोदावरीच्या माहेरचा सख्खा म्हणावा असा एकच माणूस उरला आहे तो, तिच्यासारखंच नाक असलेला. तो माझ्याशी बोलायचा थांबला तर ते नाक पाहायला मी कुठं जाऊ. हे सगळं मी धरून चाललो आहे. तरी त्या खोलीत मी झोपणार नाही. जाऊन येईन. फोटोसमोर बसेन, त्याचा हात धरेन. पण चप्पल बाहेर काढून रीता पीठ मळायला बसणार नाही, आणि संध्याकाळ झाली की आम्ही पाचही जण उठून निघू. पाच म्हणजे मी हर्षाला धरून मोजतो आहे.

आज गुरुवार. या वर्षीच्या तांदळाची गोणी मी स्वतः शिवली, दाराशी ठेवली आहे. ती भोजराजकडेच जाईल, दरवर्षी जाते तशी. दोन्ही कार्डं खिशात आहेत. बस उद्या सकाळी सातची आहे. भोजराज वाट पाहत असेल, त्यानं पलंगावर चादर घातली असेल. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. त्याला अजून सांगितलेलं नाही.